गिरणीचे इंजिन शर्यतीला जाते

मोडनिंबच्या बाजाराच्या टोकाला मुक्ताबाईची पिठाची गिरणी आहे. तिथे कधी दळण घेऊन आलात, मित्रांनो, तर एकदा मागच्या छपरात डोकावून बघा. चार ओंडक्यांवर बोल्टांनी आवळलेले, धुराने काळवंडलेले आणि अंगावर पिठाचा थर बसलेले जे काही तिथे धडधडत असते, ते मी. जीपचे एक जुने इंजिन. माझी चार सिलिंडरे शाबूत आहेत, आवाज थोडा घोगरा झाला आहे आणि सांगण्यासारखे बरेच आहे.

माझा जन्म लोखंडाच्या रसातून झाला. वाळूच्या साच्यात तो रस ओतला, थंड झाल्यावर माझ्या पोटात चार भोके कोरली आणि ती आतून इतकी गुळगुळीत केली की बोट फिरवले तर काच वाटावी. मुंबईच्या कारखान्यात माझे भाग जुळले. पहिल्यांदा ठिणगी पडली आणि मी स्वतःच्या बळावर फिरू लागलो, तेव्हाचा थरार मला अजून आठवतो. सगळ्या इंजिनांना तो आठवत असावा.

पहिली काही वर्षे मी पाटबंधाऱ्याच्या मोजणीदारांची जीप ओढली. उजनीला धरण व्हायचे होते, आणि पाणी कुठपर्यंत चढेल हे धरण बांधण्याआधी मोजून ठरवायचे होते. ती माणसे दुर्बीण घेऊन उन्हात उभी राहत, पट्ट्या वाचत, आकडे पुन्हा तपासत. त्यांना घेऊन मी ओढे ओलांडले, काळ्या रानातल्या चिखलातून पहिल्या गिअरमध्ये बाहेर आलो. वेगाबद्दल माझे कौतुक कुणी केले नाही. "कुठंही घाला, हे ओढतंय," असे मात्र आमचा ड्रायव्हर सगळ्यांना सांगायचा, आणि मी ते ऐकून घ्यायचो.

मग जीप जुनी झाली. एका सरकारी आवारात भिंतीकडेला तिला लावले आणि लोक विसरून गेले. टायर बसले, माझ्या हवेच्या नळीत गांधीलमाश्यांनी घर केले, पाण्याच्या टाकीवर गंज चढला. मित्रांनो, चालून चालून झिजण्याचे मला दुःख नाही. पण उभ्या उभ्या गंजणे फार वाईट. आपले काय चुकले, हेच कळत नाही.

लिलावात जीपचे तुकडे झाले. मला घेतले रामहरी नावाच्या गृहस्थाने, मुक्ताबाईच्या नवऱ्याने. त्याने मला मोडनिंबला आणले, घासूनपुसून या छपरात बसवले आणि माझ्या मागच्या बाजूला पट्ट्याचे चाक लावले. गिरणीला स्टार्टर आणि बॅटरी कशाला, म्हणून ते विकून टाकले. पेट्रोलवर सुरू व्हायचे, अंग तापले की रॉकेलवर चालायचे, आणि पट्ट्याने दळणाची चक्की फिरवायची, हे माझे नवे काम. बहात्तरच्या दुष्काळात मी लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, दळली. ती दळताना उडणारी धूळ आणि रांगेतल्या बायांचे चेहरे मी विसरलेलो नाही.

पुढे रामहरी गेला. गिरणी बंद पडणार असे पेठेत सगळ्यांनी धरले होते. पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई पदर खोचून माझ्यापुढे उभी राहिली, लोखंडी हँडल माझ्या तोंडात घातले आणि मला म्हणाली, "त्यानी शिकिवलं तसं करते. तू बी तसंच वाग म्हंजे झालं."

तिने हँडल मारले आणि मी सुरू झालो. तेव्हापासून आम्ही दोघांनी गिरणी चालवली.

माझ्याकडून तिला एकदा मोठी इजा झाली. थंडीतली सकाळ होती, ठिणगी वेळेआधी पडली आणि हँडल उलटे फिरले. तिचे उजवे मनगट मोडले. हाड बसवले, पण नीट जुळले नाही. त्यानंतर ती डाव्या हाताने हँडल मारू लागली. रोज सकाळी ती एक क्षण थबकायची, ओठ आवळायची आणि मग झटका द्यायची. तो एक क्षण मला फार लांब वाटायचा. गिरणीच्या दारापर्यंत विजेचा खांब आला होता. मोटर असती तर खटका खाली ओढला की काम झाले असते. पण मोटर आणायची कुठून?

अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये, ज्वारीची काढणी उरकत आली असताना, गावात शेतकी मेळावा ठरला. त्यात घरी बनवलेल्या मोटारींची शर्यत होती. हायवेलगतच्या हिंदुराव पाटलांच्या रानात मुरूम टाकून, रूळ फिरवून लांबट गोल वाट केली होती. नियम थोडे होते. गाडी जुन्या सामानाची हवी, चालवणारा एक आणि बरोबर एक सोबती. पहिले बक्षीस एक ढाल आणि पंपाच्या व्यापाऱ्यांनी दिलेली विजेची नवी कोरी मोटर.

एके दिवशी सोलापूरहून दोघे भाऊबहीण एसटीने आले आणि दळणाच्या रांगेत उभे राहिले. हातात दळण नव्हते. बहीण नीलम्मा नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. धाकटा भाऊ पंचाक्षरी वडिलांच्या हाताखाली मेकॅनिक होता. त्यांचे वडील चन्नप्पा यांचे अक्कलकोट नाक्याजवळ छोटे वर्कशॉप होते. घरात कानडी, दारात मराठी अशी ती माणसे.

नीलम्मा माझ्याजवळ आली, पण तिने मला हात लावला नाही. ती ऐकत होती. चक्कीत ज्वारी पडली की माझ्यावर भार येतो, आवाज खाली जातो, मग मी सावरतो. तो आवाज किती खाली जातो आणि किती लवकर वर येतो, ते ती घड्याळ हातात धरून पुन्हा पुन्हा पाहत होती.

"काय बघती गं एवढं?" मुक्ताबाई म्हणाली. "दळायला आलीस का इंजिनाचं लगीन जमवायला?"

"लग्नच समजा, मावशी. तीन स्थळं आहेत. हे तिसरं."

"आन् पयली दोन?"

"एक फार जड आहे, एक फार नाजूक."

मुक्ताबाई हसली आणि चहा मागवला. मग नीलम्माने सगळे समजावून सांगितले. इतके स्वच्छ बोलणे माझ्याबद्दल आधी कुणी केले नव्हते. त्यांच्या गाडीचा सांगाडा तयार होता, इंजिन नव्हते, आणि नवे घेण्याची ऐपत नव्हती. सोलापूरच्या भंगार बाजारात एक आठ सिलिंडरांचे इंजिन मिळत होते. ताकद माझ्या दीडपट, पण वजन इतके की वळणावर गाडीचे नाक वळणारच नाही, सरळ रानात जाईल. दुसरे छोट्या मोटारीचे, वर्कशॉपमध्येच पडलेले. हलके आणि चपळ, पण जोरात फिरत राहिले तरच त्याला ताकद. वळणावर वेग कमी झाला की त्याचा दम जातो, आणि गिअर बदलेपर्यंत पुढचे वळण येते.

"आणि हे," तिने माझ्याकडे बोट केले, "हे कमी फेऱ्यांवर सगळ्यात जास्त ओढतं. वळणातून हळू बाहेर आलं तरी लगेच धरतं. एकाच गिअरमध्ये सगळी शर्यत होईल."

"पण अक्का, हे पळत न्हाय की," पंचाक्षरी म्हणाला. "नुसतं ओढतंय."

"तम्मा, पळायला तिथं जागा कुठं आहे? सरळ वाट संपायच्या आत वळण येतं."

पंचाक्षरीने डोके खाजवले. मग खाली वाकून माझ्या चेंबरखालून, म्हणजे तेल साठते त्या पत्र्याच्या तळाखालून, बोट फिरवले, गळतीचे तेल बघितले आणि म्हणाला, "जुनं हाय, पण हाड चांगलं हाय."

मुक्ताबाईने मोडलेले मनगट चोळत विचारले, "जिंकलं तर मोटर कुणाची?"

"तुमची. आम्हाला ढाल पुरे. वर्कशॉपचं नाव होईल."

"आन् इंजिनच मोडलं तर? मंग म्या हातानं दळू व्हय गावाचं?"

नीलम्माचा चेहरा गंभीर झाला. "मावशी, मोटर येईल न येईल, ते मी सांगू शकत नाही. पण इंजिन चालू आणून देते. हा माझा शब्द."

असा मी गिरणीतून सुटलो. मुक्ताबाईने तोवर पेठेतल्या बायांना दुसऱ्या गावच्या गिरणीची वाट दाखवली आणि प्रत्येकीला बजावले, "सवय लावून घिऊ नका तितली. पुढल्या हप्त्यात हितंच यायचं हाय."

सोलापूरच्या वर्कशॉपमधले दिवस माझ्या आयुष्यातले मानाचे दिवस. पंचाक्षरीने मला पूर्ण खोलले, धुतले, झडपा घासून बसवल्या. हात काळे, पण कामात घाई नाही. कुठल्याशा मोडक्या जीपमधून स्टार्टर आणि बॅटरी आणून लावली. माझे मोठे चाक, म्हणजे फ्लायव्हील, रामहरीने बदलले नव्हते, त्यामुळे स्टार्टरचे दाते बरोबर जुळले. नीलम्मा दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडला ते पाहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झाले ते कळत नाही, असे ती भावाला सांगायची. तो वैतागायचा आणि तसेच करायचा.

एका संध्याकाळी ती पाण्याने भरलेले घमेले हातात घेऊन आवारात गोल गोल फिरली. चन्नप्पा दारात उभे होते.

"पदवी घेतली आणि हे काय गं?"

"अप्पा, पाणी बघा. मी वळले की पाणी बाहेरच्या बाजूला चढतं. इंजिनातलं तेलही असंच चढणार. तेल एका बाजूला गेलं आणि ओढणारी नळी मधेच राहिली, तर ती हवा ओढेल. बेअरिंग कोरडी पडतील."

चन्नप्पांनी घमेल्याकडे पाहिले, मग मुलीकडे. "नळी सरकव मग," ते एवढेच म्हणाले, पण आत जाताना मिशीत हसत होते.

त्यांनी नळी सरकवली. गाडी डावीकडे वळणार, तेल उजवीकडे जाणार, म्हणून नळीचे तोंड उजव्या कडेला नेले आणि तेल तिथेच अडून राहावे म्हणून आडवा पत्रा जोडला. किती सुबक काम होते ते! मैदानावर पंचाक्षरीने मला फेऱ्या मारायला लावल्या. डावीकडे कितीही जोरात वळा, तेलाचा दाब दाखवणारा काटा जागचा हलत नसे. मला वाटले, आता आपल्याला कोण अडवतो?

ते आठ सिलिंडरांचे इंजिन दरम्यान निंगप्पा नावाच्या मालट्रकवाल्याने उचलले होते. शर्यतीच्या दिवशी तो माझ्याजवळ आला, वास घेतला आणि मोठ्याने म्हणाला, "पंचाक्षरी, रॉकेल जाळतंय का पीठ? शर्यत झाल्यावर पाच किलो ज्वारी दळून देशील का?"

"देतो की मामा. तुमच्या इंजिनाला वळता आलं तर रांगेत या," पंचाक्षरी म्हणाला, आणि भोवतालचे लोक हसले.

रिंगणाच्या मधोमध लिंबाखाली म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. हिंदुराव पाटलांनी तिथे नारळ फोडला आणि गाड्या लावायला सांगितल्या. पंचाक्षरी मला रेघेवर घेऊन गेला. पाटील काठी उगारत धावत आले.

"अरं, तोंड तिकडं कर! उलटं कुटं चाललास?"

"डावीकडूनच ना, पाटील?"

"डावीकडनं? मदी देव हाय, दिसंना व्हय? देवाला डावी घालून पळणार? देव उजव्या हाताला पायजे. परदक्षिणा हाय ती."

नीलम्मा पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता. "पण पाटील, नियमात हे लिहिलं नव्हतं."

"ल्ह्यायचं कशाला, बाय? देवळात गेल्यावर कुनीकडनं फिरायचं ते तू पाटी वाचून ठरिवती का?"

लहानपणापासून नीलम्मा सिद्धरामेश्वराच्या देवळात देव उजव्या हाताला ठेवूनच फिरत आली होती. पण शर्यत म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे कॉलेजचे धावपट्टीचे मैदान आले होते, जिथे सगळे डावा हात आत ठेवून धावतात. तिने वजन मोजले, वळण मोजले, तेल मोजले. दिशा मात्र कुणाला विचारली नाही, कारण ती विचारायची गोष्ट आहे असे तिला वाटलेच नाही. पाटलांनाही ती लिहायची गोष्ट वाटली नव्हती.

आता गाड्या उजवीकडे वळणार होत्या. तेल डावीकडे जाणार होते. आणि माझी नळी उजव्या कोपऱ्यात, पत्र्याच्या आड, कोरडी राहणार होती. इतक्या हौसेने केलेली सुधारणाच माझा घात करणार होती. ती केली नसती तर बरे झाले असते. चेंबर काढायचा तर मला सांगाड्यातून वर उचलावे लागले असते. तेवढा वेळ नव्हता.

नीलम्मा सरळ मुक्ताबाईकडे गेली. गर्दीत, सगळ्यांसमोर.

"मावशी, माझी चूक झाली." आणि तिने काय झाले ते सांगितले, एकही शब्द झाकून न ठेवता. "इंजिन तुमचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर गाडी आत्ता बाहेर काढतो."

मुक्ताबाईने एकदा ओळीत मांडलेल्या बक्षिसांकडे पाहिले. हिरव्या रंगाची मोटर उन्हात चमकत होती. मग तिने माझ्याकडे पाहिले.

"काय उपाय हाय का न्हाय?"

"तेल लिटरभर जास्त भरतो," पंचाक्षरी म्हणाला. "थोडं तरी तितं राहील. धूर काढेल लई."

"आणि वळणावर जोर द्यायचा नाही," नीलम्मा म्हणाली. "जोर नसला की बेअरिंगवर भार कमी. थोडं कमी तेल चालून जातं. वळण संपलं, काटा वर आला, की मग द्यायचा. दुसरं इंजिन असतं तर हे जमलं नसतं. हे हळूवरून पुन्हा धरतं." तिने पदर कमरेला घट्ट खोचला. "सोबती म्हणून मी बसते. तम्मा वाट बघेल, मी काटा बघेन. काटा पडला की मी सांगेन, आणि तो ऐकेल."

"ऐकशील का रं?" मुक्ताबाईने विचारले.

"आजपर्यंत हिचं न ऐकून कुटं जमलंय, मावशी."

"मंग जावा," मुक्ताबाई म्हणाली. "पर माझं इंजिन घिऊन या."

शिट्टी झाली. पहिल्या वळणावर माझ्या पोटातले तेल डावीकडे धावले. नळीने हवा ओढली आणि मला छातीत रितेपणा जाणवला. त्याच क्षणी कानाशी नीलम्माचा आवाज आला, "बिडो!" कानडीत, म्हणजे सोड. घाईच्या वेळी माणसाच्या तोंडी आईची भाषा येते. पंचाक्षरीने पाय उचलला. मी मोकळा फिरलो. वळण संपताच तेल परत आले, काटा उठला, "हां!" ती ओरडली, आणि मी धरले. मित्रांनो, त्या काळ्या रानात चिखलातून निघताना धरायचो, तसे धरले.

प्रत्येक वळणावर असेच झाले. बिडो, हां. बिडो, हां. छोट्या इंजिनाची एक गाडी वळणातून निघताना खोकत राहिली आणि मागे पडली. निंगप्पाचे आठ सिलिंडरांचे धूड सरळ वाटेवर आम्हाला गाठायचे, वळणावर त्याचे नाक बाहेर घसरायचे आणि आम्ही आतून पुढे जायचो. माझ्या मागे निळ्या धुराचा लोट होता. लोक ओरडत होते, "गिरणी आली, गिरणी!" पंचाक्षरीचे हात स्थिर होते. नीलम्माची नजर काट्यावरून एकदाही हलली नाही. धुळीने डोळ्यांतून पाणी येत होते, ते तिने पुसले नाही. कामात बुडालेली माणसे मी पुष्कळ पाहिली, पण तशी जोडी पुन्हा पाहिली नाही.

शेवटच्या फेरीला आम्ही पुढे होतो. राहिले होते एक वळण, आणि त्यापुढे लगेच शेवटची रेघ.

काटा पडला. "बिडो!" पंचाक्षरीने पाय उचलला. पण काटा उठेना. जास्तीचे तेल धुरातून जळून गेले होते. जे उरले ते सगळे डाव्या भिंतीला चढले होते. निंगप्पाची गर्जना मागून जवळ येत होती. कडेला मुक्ताबाई दोन्ही हात वर करून उभी होती.

"अक्का, देऊ का?" पंचाक्षरी ओरडला. "एवढंच हाय की!"

जोर दिला असता तर आम्ही जिंकलो असतो, हे मला ठाऊक होते. मोटर आली असती. मी मेलो असतो, आणि मोटर आल्यावर माझी गरज तरी काय होती? हा हिशेब नीलम्मालाही सुचला असणार. तिचे डोके त्यासाठीच तर तयार झालेले. पण तिने मुक्ताबाईला एक शब्द दिला होता, आणि त्या शब्दात मोटर नव्हती.

"बिडो!" ती म्हणाली. "बिडो, तम्मा, बिडो!"

त्याने सोडले. सगळे वळण आम्ही तसेच, मोकळे, घरंगळत काढले. निंगप्पा बाहेरून धूळ उडवत पुढे गेला. आमच्या आधी त्याने रेघ ओलांडली.

गाडी थांबली तेव्हा मी अजून चालू होतो. मुक्ताबाई धापा टाकत आली.

"दाबायचं की गं! हातभर लांब हुती मोटर. दिसत हुती मला."

नीलम्माने मान खाली घातली. "मावशी, मीच सोड म्हणाले. पंचाक्षरीचा दोष नाही."

माझ्या तापलेल्या अंगापाशी उभी राहून मुक्ताबाईने माझा आवाज ऐकला. मग म्हणाली, "चालू हाय."

"चालू आहे."

"हं," एवढेच म्हणून ती बक्षिसांकडे गेली. दुसऱ्या नंबरला चक्कीचा कॅनव्हासचा नवा पट्टा मिळाला होता. तो तिने खांद्यावर टाकला आणि घराकडे चालू लागली.

दोन दिवसांनी गिरणीतच मला खोलले. पंचाक्षरीने एका दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, दांड्याचे बेअरिंग उघडून मुक्ताबाईच्या तळहातावर ठेवले. मऊ, पांढरट धातूची अर्धगोल वाटी. एका कडेला तो धातू वितळून पुसल्यासारखा झाला होता. बाकीची वाटी मात्र गुळगुळीत होती.

"हे काय?" तिने विचारले.

"तेल नव्हतं तेव्हा हे वितळायला लागलं," नीलम्मा म्हणाली. "त्या शेवटच्या वळणात जोर दिला असता तर ही वाटी गेली असती, दांडा मोडून बाजूच्या भिंतीतून बाहेर आला असता. मग दुरुस्ती नाही."

मुक्ताबाईने त्या कडेवरून नख फिरवले. बराच वेळ. "लई पातळ असतंय गं हे," ती म्हणाली. "एवढ्यावर समदं फिरतंय व्हय?"

"एवढ्यावर, आणि मधल्या तेलावर. तेल तर याहून पातळ."

त्यांनी वाटी बदलली, नळी परत मधे आणली, मला ओंडक्यांवर बसवले आणि नवा पट्टा चढवला. मुक्ताबाईने सवयीने कोपऱ्यातले हँडल उचलले आणि डाव्या हातात धरले.

"ते ठेवा, मावशी," पंचाक्षरी म्हणाला.

गाडीत लावलेला स्टार्टर आणि बॅटरी त्यांनी काढून नेली नव्हती. चालता चालता बॅटरी भरणारा डायनमोही माझ्या बाजूला बसवला होता. भिंतीवर, तिच्या हाताच्या उंचीवर, एक काळे बटण होते. मुक्ताबाईने बटणाकडे पाहिले, मग त्या दोघांकडे. मग उजवा हात, तो वाकडा राहिलेला, पुढे केला आणि अंगठ्याने दाबले.

मी लगेच सुरू झालो. आयुष्यात इतक्या तत्परतेने कधी झालो नव्हतो.

"आगं बया," ती म्हणाली, आणि मला बंद करून तिने पुन्हा दाबले.

त्याला आता वर्ष होऊन गेले. विजेची मोटर अजून आलेली नाही, येईलही कधी. नीलम्मा सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना ती घमेल्यात पाणी घेऊन फिरायला लावते आणि त्याआधी विचारते, "कुठल्या बाजूनं फिरणार, ते आधी सांगा." पंचाक्षरी आला की माझ्या चेंबरखाली बोट फिरवल्याशिवाय चहा घेत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणीतरी असेल. विहिरीवरचा पंप असेल, आईचे शिलाई मशीन असेल, बापाची सायकल असेल. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमचे दुखणे काट्यावर, आवाजात, तेलाच्या रंगात दिसते. ते बघायची सवय लावा. आमच्याकडून काम जरूर घ्या, भरपूर घ्या. आम्ही त्यासाठीच आहोत. पण आमच्या अंगात एक पातळ थर असतो, ज्यावर सगळे फिरते. तो कोरडा पडू देऊ नका.

आता पुरे करतो. आज बाजार आहे, दारात दळणाचे डबे लागले आहेत. मुक्ताबाई आली. ती तेल मोजायची पट्टी ओढून काढेल, उजेडाला धरून बघेल, पदराच्या टोकाला पुसून परत घालेल. मगच बटणाला हात लावेल.